चित्रांतील बालिका

[छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगापुढे आली. त्यापूर्वी माणसाची मुद्रा जतन करून ठेवण्याचे काम चित्रकाराच्या कुंचल्याकडे होते. युरोपातील चित्रकारांनी रंगविलेल्या काही बालिकांच्या व्यक्तिचित्रांचा परिचय या पाठात करून दिला आहे. चित्र कसे पाहावे, याचेही थोडे दिग्दर्शन त्यात आढळेल.]

एखाद्या विशिष्ट माणसाचे रूप व स्वभाव दाखविणाऱ्या चित्रास व्यक्तिचित्र असे म्हणतात. युरोपात या कलेची परंपरा फार जुनी आहे. राजे, सेनापती, धर्मगुरू, व्यापारी अशा थोरामोठ्यांची असंख्य व्यक्तिचित्रे तेथील संग्रहालयांतून लावलेली आहेत. त्या भारदस्त मंडळींच्या मेळाव्यातून मधूनच एखादी पाच-सात वर्षांची मुलगी आपल्याकडे पाहत असते. तिने राज्य जिंकलेले नसते, ग्रंथ लिहिलेला नसतो, की नवा प्रदेश शोधून काढलेला नसतो. मग तिचे चित्र कोणी काढविले? ते कोणासाठी होते? आणि चित्रकारापुढे तासन् तास उभी राहताना त्या चिमुकल्या जीवाच्या मनात काय चालले असेल? हे प्रश्न मनात ठेवून व्यक्तिचित्र पाहू लागले, म्हणजे ते मुके चित्र हळूहळू बोलू लागते.

मुलांनो, यासाठी एक साधी खूण तुम्हांला सांगतो. चित्रातील मुलीचा चेहरा तर पाहावाच. परंतु तिचे हातही अवश्य पाहावेत. वडील माणसांनी दटावले, की मूल चेहरा गंभीर करून बसते. हातांचे मात्र तसे नाही. हातांना काहीतरी हवे असते. कोठे ते एखादी वस्तू घट्ट धरतात, कोठे सांगितलेल्या जागी अवघडून पडून राहतात, तर कोठे एखाद्या गोष्टीकडे झेपावतात.

इटलीतील फ्लॉरेन्स या नगरीत सोळाव्या शतकात मेदिची घराण्याचा अंमल होता. त्या घराण्यातील ड्यूक पहिला कोझिमो याला बिया नावाची एक मुलगी होती. १५४२ मध्ये ती मरण पावली. तेव्हा तिचे वय अवघे पाच-सहा वर्षांचे होते. कोझिमोच्या दरबारचा चित्रकार ब्राँझीनो याने त्याच सुमारास तिचे चित्र रंगविले. ते तिच्या मृत्यूनंतर काढलेले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. गडद निळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र रेशमी पोशाख केलेली बिया खुर्चीवर ताठ बसली आहे. तिच्या एका हाताची बोटे सोन्याच्या साखळीवर आहेत. गळ्यात एक पदक आहे व त्या पदकावर तिच्या पित्याची मुखाकृती कोरलेली आहे. कन्या गेली, परंतु ती आपली होती, ही खूण पित्याने चित्रात कायमची राखून ठेविली. हे चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयात आहे. ते कोणासाठी होते, या प्रश्नाचे उत्तर त्या पदकातच मिळते.

यापुढची शंभर वर्षे ओलांडून आपण आता स्पेन देशात जाऊ. माद्रिद येथील राजवाड्यात १२ जुलै १६५१ या दिवशी राजकन्या मार्गारीटा तेरेसा हिचा जन्म झाला. स्पेनचा राजा चौथा फिलिप हा तिचा पिता व ऑस्ट्रियाची मारियाना ही तिची माता. मारियानाचे माहेर व्हिएन्नाच्या सम्राटकुळातील होते. स्पेन व ऑस्ट्रिया या दोन्ही देशांवर हाब्सबुर्ग या एकाच राजकुळाच्या दोन शाखा राज्य करीत. सत्ता व संपत्ती घराण्याबाहेर जाऊ नये, म्हणून या दोन शाखा आपसांत विवाह करीत असत. खुद्द मारियानाचा विवाह तिच्या मामाशीच झाला होता. चौथा फिलिप हा तिच्या आईचा सख्खा भाऊ होता. मार्गारीटाच्या बाबतीतही हेच व्हावयाचे होते. ती लहान असतानाच तिचा मामा लिओपोल्ड याच्याशी तिचा विवाह करण्याचे घाटत होते. लिओपोल्ड तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा होता. पुढे १६५८ मध्ये तो सम्राटपदी आला.

माद्रिदहून व्हिएन्ना शेकडो कोस दूर. तेथील आजोळच्या मंडळींनी या नातीला कधी पाहिलेले नव्हते. म्हणून तिची चित्रे काढून त्यांच्याकडे पाठविण्यात येऊ लागली. हे काम ज्याच्याकडे आले, तो युरोपातील सर्वश्रेष्ठ चित्रकारांपैकी एक होता. त्याचे नाव द्येगो व्हेलास्केथ. तो १५९९ मध्ये सेव्हिल येथे जन्मला व १६२३ पासून राजा फिलिपच्या पदरी होता.

पहिल्या चित्रात मार्गारीटा दोन-अडीच वर्षांची आहे. अंगात गुलाबी व रुपेरी झगा आहे. एका हातात मिटलेला पंखा आहे. दुसरा हात शेजारच्या मेजावर टेकलेला आहे. मेजावर काचेच्या पात्रात थोडी फुले आहेत. या वयाच्या मुलीने पंख्याचे काय करावे? तो थोर स्त्रियांच्या हाती शोभणारा. मेजावर टेकलेला हात मात्र खरोखरीच तिचा आहे. नुकतेच चालू लागलेले मूल आधारासाठी जसे काहीतरी धरते, तसा तो वाटतो. दरबारी रिवाजाने पंखा दिला. चित्रकाराने बाळाचा हात पाहिला. दुसऱ्या चित्रात ती पाच वर्षांची असून तिने पांढरा झगा घातला आहे. तिसरे चित्र १६५९ चे. त्यात ती आठ वर्षांची आहे. निळ्या रेशमी झग्यावर रुपेरी पट्ट्या झळकत आहेत. त्या काळी स्पेनच्या दरबारातील स्त्रिया झग्याखाली कड्यांचा सांगाडा बांधीत. त्यामुळे झगा दोन्ही बाजूंना पसरट फुगलेला दिसे. आठ वर्षांच्या मार्गारीटालाही तोच सांगाडा बांधला आहे. तो इतका रुंद आहे, की तिचे दोन्ही हात अंगापासून दूर, झग्याच्या कडांवर ठेवावे लागले आहेत. एका हातात थंडीत वापरावयाची फरची मऊ, उबदार पिशवी आहे. अशा पोशाखात धावणे तर दूरच, दारातून नीट जाणेही कठीण! चेहरा मात्र बालिकेचाच आहे. गाल भरलेले, केस पिंगट, डोळे टपोरे व थोडेसे थकलेले.

या चित्राच्या अगदी जवळ जाऊन पाहिले, तर झग्यावरच्या रुपेरी पट्ट्या दिसेनाशा होतात. तेथे दिसतात ते करड्या, पांढऱ्या व निळ्या रंगांचे मोकळे फटकारे. चार पावले मागे सरकले, की तेच फटकारे एकत्र मिळतात आणि रेशीम चमकू लागते. आपला डोळा दूर अंतरावरून पाहताना सुटे रंग जुळवून घेतो, हे व्हेलास्केथने नेमके ओळखले होते. म्हणून प्रत्येक धागा कोरीत बसण्याचे त्याला कारण पडले नाही. चेहऱ्यावर मात्र त्याचा कुंचला हळुवार फिरतो. झगा हा दरबाराचा. चेहरा त्या मुलीचा. चित्रकाराने जीव ओतला आहे तो त्या चेहऱ्यात.

व्हिएन्नाला पाठविलेली ही तिन्ही चित्रे आज तेथील कलासंग्रहालयात आहेत. परंतु मार्गारीटाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र माद्रिदमध्येच राहिले. ते १६५६ मध्ये रंगविलेले असून 'लास मेनिनास' या नावाने ओळखले जाते. राजकन्येच्या सेवेत असलेल्या कुलीन मुलींना स्पेनमध्ये 'मेनिना' म्हणत. हे चित्र दहा फुटांहून अधिक उंच व नऊ फूट रुंद आहे. राजवाड्यातील एका प्रशस्त दालनात पाच वर्षांची मार्गारीटा मध्यभागी उभी आहे. एक सखी गुडघा टेकून तांबड्या मातीचे लहानसे बुडकुले तिच्यापुढे करीत आहे. दुसरी अदबीने लवली आहे. उजवीकडे एक ठेंगणी स्त्री उभी आहे. तिच्या शेजारचा मुलगा जमिनीवर पेंगणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या पाठीवर खोडकरपणे पाय ठेवीत आहे. डावीकडे भला मोठा चित्रफलक असून त्याच्यामागे हाती कुंचला घेतलेला व्हेलास्केथ स्वतः उभा आहे. मागील भिंतीवर एक आरसा आहे व त्यात राजा-राणीची पुसट प्रतिबिंबे दिसतात. म्हणजे राजा-राणी आपण उभे आहोत त्याच जागी कोठेतरी असावीत आणि मार्गारीटा त्यांच्याकडेच पाहत असावी.

या चित्राच्या रचनेविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आपण आपली खूण विसरू नये. मार्गारीटाचा उजवा हात त्या बुडकुल्याकडे गेला आहे. तहानलेले मूल पाणी घ्यावयास हात पुढे करते, तसा. पण डोळे दुसरीकडेच आहेत. कोणीतरी आले, म्हणून घेता घेता ती थबकली आहे. सगळा दरबार तिच्याभोवती उभा असूनही चित्रकाराने टिपला, तो एका मुलीच्या दिवसातील साधा क्षण. या दालनात कोणाची थट्टा नाही. ठेंगण्या माणसांना त्या काळी राजेलोक करमणुकीसाठी पदरी बाळगीत. व्हेलास्केथने मात्र त्या स्त्रीचा चेहरा राजकन्येच्या चेहऱ्याइतक्याच आदराने रंगविला आहे.

१७३४ मध्ये माद्रिदचा तो राजवाडा आगीत भस्मसात झाला. त्या आगीतून हे चित्र वाचविण्यात आले. आज ते प्रादो संग्रहालयात आहे. विसाव्या शतकातील विख्यात चित्रकार पाब्लो पिकासो याने १९५७ मध्ये या एकाच चित्राचा ध्यास घेऊन ५८ चित्रांची मालिका रंगविली.

मार्गारीटाच्या जीवनाचा पुढील भाग थोडक्यात सांगता येईल. निळ्या झग्याच्या चित्रानंतर पुढच्याच वर्षी, १६६० मध्ये, व्हेलास्केथ निवर्तला. १६६५ मध्ये राजा फिलिपही मरण पावला. दुसऱ्या वर्षी व्हेलास्केथचा जावई व शिष्य मार्तीनेथ देल मासो याने मार्गारीटाचे चित्र काढले. त्यात ती पित्याच्या शोकाची काळी वस्त्रे ल्यालेली आहे. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात माद्रिद येथे तिचा विवाह लागला. वर लिओपोल्ड तेथे उपस्थित नव्हता. त्याच्या वतीने दुसराच प्रतिनिधी उभा राहिला. त्यानंतर ती निघाली, ती समुद्र व पर्वत ओलांडीत डिसेंबरात व्हिएन्नाला पोहोचली. ज्या आजोळी तिची चित्रे जात होती, तेच आता तिचे सासर झाले. पंधरा वर्षांच्या त्या मुलीने स्पेन पुन्हा पाहिला नाही. लिओपोल्डला संगीताची मोठी आवड होती व तो स्वतः संगीतरचनाही करी. तिच्या वाढदिवसानिमित्त १६६८ मध्ये व्हिएन्नात एक भव्य संगीतनाटक सादर झाले. हे वैभव होते. तथापि वारंवारच्या बाळंतपणांनी तिची प्रकृती ढासळली. तिच्या अपत्यांपैकी एकच कन्या जगली. १२ मार्च १६७३ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मार्गारीटा काळाच्या पडद्याआड गेली. तिचे लग्न कोणाशी व्हावे, तिने कोठे राहावे, हे तिला कोणी विचारले नव्हते. राजकारणाच्या दृष्टीने ती दोन राज्यांना बांधणारी एक गाठ होती. ती एक लहान मुलगीही होती, याची साक्ष व्हेलास्केथच्या चित्रांनी ठेवली आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, अशी समजूत त्या काळी सर्रास होती. पुढे ती हळूहळू पालटू लागली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ मध्ये मुलांच्या शिक्षणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांना घट्ट, आवळलेले कपडे घालू नयेत, असे त्याने त्यात बजावले. १७६२ मध्ये रूसो या विचारवंताने 'एमिल' हा ग्रंथ लिहून बालपणाला त्याचे स्वतःचे मोल आहे, असे प्रतिपादन केले. विचारांतील हे परिवर्तन चित्रांतही दिसू लागले.

या नव्या दृष्टीचे एक मनोहर उदाहरण इंग्लंडमध्ये आढळते. टॉमस गेन्झबरो हा तेथील नामांकित चित्रकार. त्याला मेरी व मार्गारेट अशा दोन मुली होत्या. १७५६ च्या सुमारास त्याने या दोघींचे एक चित्र रंगविण्यास घेतले. दोघी बहिणी हातात हात घालून अंधाऱ्या रानातून पुढे येत आहेत. एका काटेरी झुडपावर पांढरे फुलपाखरू बसले आहे. धाकटी मार्गारेट ते पकडण्यासाठी हात पुढे करून झेपावली आहे. थोरली मेरी तिचा दुसरा हात धरून आहे. धाकटीला फुलपाखरू दिसते. थोरलीला काटेही दिसत असावेत.

आता हे हात पाहा. येथे पंखा नाही, साखळी नाही, पदक नाही. एक हात हवे ते मिळविण्यासाठी पुढे झालेला, तर एक सांभाळण्यासाठी मागे धरणारा. हे चित्र पैशासाठी काढलेले नव्हते, की कोठे पाठवावयाचेही नव्हते. एका पित्याने आपल्या मुलींना खेळताना पाहिले व ते पाहणे रंगांत धरून ठेवले. ते पूर्ण करण्याचीही त्याला निकड वाटली नाही. चित्राचा काही भाग अपुराच राहिला आहे. काही वर्षांनी त्याने या दोघींचे आणखी एक चित्र आरंभिले. त्यात त्यांच्याजवळ एक मांजर आहे. परंतु ते नुसत्या पुसट रेषांतच राहून गेले. ही दोन्ही चित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. आपल्या मुलींना गेन्झबरोने चित्रकलाही शिकविली. प्रसंग पडल्यास त्यांना आपल्या कलेवर पोट भरता यावे, अशी त्याची इच्छा होती.

या बहिणींचे पुढील आयुष्य सुखाचे झाले नाही. मेरीचा विवाह अल्पकाळच टिकला आणि तिला मनाच्या आजाराने ग्रासले. मार्गारेट अविवाहित राहिली व तिने अखेरपर्यंत बहिणीला सांभाळले. लहानपणीच्या चित्रात थोरलीने धाकटीचा हात धरला होता. मोठेपणी धाकटीने थोरलीचा धरला. पित्याने ते चित्र रंगविले, तेव्हा हे भविष्य त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याने केवळ त्या दिवशी जे दिसले, ते प्रेमाने पाहिले होते.

बियाचे चित्र शोकाकुल पित्याचे, मार्गारीटाची चित्रे दोन दरबारांची, गेन्झबरोच्या मुलींचे चित्र घरच्या मायेचे. प्रत्येक चित्रामागे कोणाची तरी इच्छा आहे आणि पुष्कळदा ती इच्छा चित्रातील मुलीची नाही. त्या मुलींना त्या वेळी बोलता आले नाही. म्हणून त्यांच्या वतीने विचारण्याचे काम पाहणाऱ्याचे आहे. एखादे जुने चित्र किंवा घरातील एखादे जुने छायाचित्र पुढे आले, म्हणजे पोशाखाचे व दागिन्यांचे कौतुक करून पान उलटू नये. ते कोणासाठी काढले, हे विचारावे, हातांकडे पाहावे, आणि त्या पोशाखाच्या आतल्या मुलीला काय हवे असेल, याचा क्षणभर विचार करावा.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बियाच्या गळ्यातील पदकावर कोणाची मुखाकृती आहे?
(आ) मार्गारीटाची चित्रे व्हिएन्नाला का पाठविण्यात येत?
(इ) 'लास मेनिनास' या चित्रात राजा व राणी कोठे दिसतात?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे चार-पाच वाक्यांत लिहा.
(अ) 'आजोळ तेच सासर झाले' हे मार्गारीटाच्या बाबतीत कसे खरे आहे?
(आ) निळ्या झग्याचे चित्र जवळून व दुरून पाहताना कोणता फरक जाणवतो? त्याचे कारण काय?
(इ) फुलपाखराच्या चित्रातील दोघी बहिणींच्या हातांतून त्यांचे स्वभाव कसे प्रकट होतात?

३. कारणे द्या.
(अ) हाब्सबुर्ग राजकुळाच्या दोन शाखा आपसांत विवाह करीत.
(आ) गेन्झबरोने आपल्या मुलींना चित्रकला शिकविली.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
जीव ओतणे, काळाच्या पडद्याआड जाणे, ध्यास घेणे, पदरी असणे.

५. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा.
राजकन्या, राजा-राणी, पाच-सात, चित्रफलक.

६. लेखन : मार्गारीटाने आठव्या वर्षी आपल्या आजोळी पत्र लिहिले असते, तर त्यात तिने काय लिहिले असते? अशी कल्पना करून ते पत्र लिहा.

७. उपक्रम : आपल्या घरातील एखाद्या जुन्या छायाचित्रातील मुलाविषयी किंवा मुलीविषयी वडीलधाऱ्या माणसांना विचारा. ते छायाचित्र कोणी, केव्हा व कशासाठी काढले, याची माहिती दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.